कर्नलची क्रॉस-बांधणी आणि बाइटक्रमाचे घोळ

मेमरीतल्या एका पत्त्यावर एक बाइट मावतो, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या बसते. त्याहून मोठी संख्या दोन, चार किंवा आठ बाइटांत विभागून लागोपाठच्या पत्त्यांवर ठेवावी लागते. ती कोणत्या टोकापासून ठेवायची, याचे उत्तर सगळ्या प्रोसेसरांनी सारखे दिलेले नाही. षोडशमान पद्धतीत दोन अंक मिळून एक बाइट होतो. त्या पद्धतीतली १२३४५६७८ ही संख्या काही यंत्रे १२, ३४, ५६, ७८ अशी मोठ्या टोकाकडून मांडतात, तर काही ७८, ५६, ३४, १२ अशी लहान टोकाकडून. पहिल्या रीतीला बिग-एंडियन म्हणतात, दुसरीला लिटल-एंडियन. मराठी माणूस रोज दोन्ही रीती वापरतो: २५ लिहिताना दशकाचा अंक आधी येतो, ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात. कानावर पडेल त्या क्रमाने अंक उतरवणाऱ्याच्या वहीत मात्र ५२ उमटतील. बाइटक्रमाचा प्रत्येक बग मुळात एवढाच असतो.

ही नावे डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० ही तारीख घालून लिहिलेल्या एका टिपणामुळे रूढ झाली. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडे मोठ्या टोकाने फोडायचे की लहान, यावरून हाडवैर असलेले दोन पक्ष आहेत, कोहेनने त्यांची नावे प्रोसेसरांच्या दोन घराण्यांना चिकटवली. आयबीएमची सिस्टिम/३६० (१९६४), मोटोरोलाचा ६८००० (१९७९) आणि सनचा स्पार्क हे मोठ्या टोकाचे. डेकचा व्हॅक्स आणि इंटेलचे एक्स८६ घराणे लहान टोकाचे. इंटेलकडे हा क्रम आला तो डेटापॉइंट २२०० या यंत्राकडून. ते यंत्र एका वेळी एकच बिट हाताळत असे. बेरजेतला हातचा लहान टोकाकडून मोठ्याकडे जातो, म्हणून लहान टोक आधी हाती लागणे त्याला सोयीचे होते. १९७२ चा ८००८ त्याच आज्ञासंचावर घडला आणि वारसा पुढे चालू राहिला. पीडीपी-११ या यंत्राची तऱ्हा तिसरीच: दोन बाइटांचा शब्द लहान टोकाकडून, पण चार बाइटांच्या संख्येतला मोठा शब्द आधी. त्यामुळे तिथे वरची संख्या ३४, १२, ७८, ५६ अशी बसे. सी भाषेच्या हेडर फायलींत या तीन क्रमांना आजही ४३२१, १२३४ आणि ३४१२ असे सांकेतिक आकडे आहेत. शेवटचा पीडीपीच्या नावाचा.

एकाच यंत्राच्या पोटात यातले काहीच खुपत नाही. प्रोसेसर ज्या क्रमाने संख्या ठेवतो त्याच क्रमाने परत उचलतो, आणि बेरीज-वजाबाकीला क्रमाचा पत्ताही नसतो. अडचण येते ती बाइट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: फायलीत, तारेवर, डिस्कवर, एखाद्या उपकरणाच्या रजिस्टरमध्ये, किंवा चार बाइटांची जागा कोणी एकेका बाइटने वाचू लागले तर. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, कामच अशा हस्तांतरांवर चालते. त्यात कर्नल क्रॉस-कंपाइल केला की आणखी एक हस्तांतर वाढते आणि तेच सर्वांत सहज नजरेआड होते.

क्रॉस-कंपाइल म्हणजे एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधणे. ज्यावर बांधणी चालते तो होस्ट, ज्यावर परिणाम चालणार तो टार्गेट. एखाद्या छोट्या राउटरमध्ये बिग-एंडियन मिप्स प्रोसेसर असतो, मेमरी तुटपुंजी असते. लिनक्स कर्नलची लाखो ओळींची बांधणी त्याच्यावर करणे व्यवहार्य नसते. ती एक्स८६ लॅपटॉपवर होते आणि तयार फाइल राउटरमध्ये भरली जाते. यात कंपायलर सहसा चुकत नाही. टार्गेटचा क्रम त्याला ठाऊक असतो आणि कर्नलच्या सी फायलींतल्या संख्या तो त्याच क्रमाने ऑब्जेक्ट फायलीत उतरवतो. चुकतात ते त्याच्या आजूबाजूचे मदतनीस. कर्नल बांधताना कित्येक छोटे प्रोग्रॅम आधी होस्टसाठी कंपाइल होतात आणि बांधणीच्या मध्येच चालवले जातात: कोणी तक्ते क्रमवार लावतो, कोणी मॉड्यूलची माहिती गोळा करतो, कोणी हार्डवेअरचे वर्णन बायनरी रूपात आणतो. हे प्रोग्रॅम लहान टोकाच्या यंत्रावर चालत असतात आणि मोठ्या टोकाच्या फायली वाचत-लिहीत असतात. त्यांतल्या कोणी क्रमाचा विचार न करता चार बाइट थेट पूर्णांक म्हणून उचलले, की पंचवीसचे बावन्न झाले.

म्हणून पहिला प्रश्न असा की टार्गेटचा क्रम कोणता, हे बांधणीला कळते कसे. नुसत्या प्रोसेसरच्या नावावरून ते ठरत नाही. मिप्स, आर्म आणि पॉवर हे प्रोसेसर दोन्ही क्रमांत चालू शकतात. मिप्सचेच प्रोसेसर डेकच्या डेकस्टेशनमध्ये लहान टोकाने चालत आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांत मोठ्या टोकाने. त्यामुळे मिप्सच्या कंपायलरला ‘ईबी’ किंवा ‘ईएल’ असा पर्याय द्यावा लागतो आणि कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्येही बिग-एंडियनची खूण वेगळी असते. दोन्हींत विसंगती राहिली तर ते उलट बरे: लिंकर दोन क्रमांच्या ऑब्जेक्ट फायली एकत्र जोडायला साफ नकार देतो आणि चूक तिथेच उघडी पडते.

क्रम चाचपण्याची जुनी, सोपी रीत म्हणजे छोटा प्रोग्रॅम चालवून बघणे: चार बाइटांत १ ठेवायचा आणि पहिल्या पत्त्यावर काय आहे ते वाचायचे. क्रॉस-बांधणीत ही रीत निरुपयोगी, कारण टार्गेटचा प्रोग्रॅम होस्टवर चालत नाही. आणि होस्टच्या कंपायलरने बांधून चालवला तर तो निःशंकपणे होस्टचे उत्तर देतो. ऑटोकॉन्फ या साधनाने यावर काढलेली तोड मोठी खुबीदार आहे. ते दोन-दोन बाइटांच्या पूर्णांकांची एक यादी टार्गेटच्या कंपायलरकडून कंपाइल करून घेते. पूर्णांक असे निवडलेले, की बिग-एंडियन क्रमाने मांडले तर ऑब्जेक्ट फायलीत ‘बिगएंडियनसिस’ अशी रोमन अक्षरे उमटावीत. दुसऱ्या एका यादीतून लिटल-एंडियनची तशीच अक्षरे. मग प्रोग्रॅम न चालवता फायलीत ती अक्षरे शोधायची. लिनक्सनेही याच धर्तीची युक्ती बराच काळ वापरली: एक रिकामी सी फाइल टार्गेटच्या कंपायलरने कंपाइल करायची आणि तयार झालेल्या ऑब्जेक्ट फायलीचे मस्तक वाचायचे. ईएलएफ या फाइल-स्वरूपात पहिले सोळा बाइट सुटे-सुटे वाचायचे असतात, त्यामुळे त्यांना क्रमाची बाधा होत नाही. त्यांतला सहावा बाइट १ असेल तर फाइल लहान टोकाची, २ असेल तर मोठ्या टोकाची. पुढचे सगळे आकडे त्या एका बाइटच्या सांगण्यावरून वाचायचे.

होस्टच्या प्रोग्रॅमांत यापेक्षा साधी चूक फार वेळा आढळते. मदतनीस प्रोग्रॅम कर्नलचीच एखादी हेडर फाइल आत घेतो, तिच्यात ‘क्रम मोठ्या टोकाचा असेल तर हे, नाहीतर ते’ अशी अट असते, आणि ती अट होस्टच्या कंपायलरपुढे आल्यामुळे होस्टच्या बाजूने सुटते. ओळ न ओळ बरोबर असते. प्रश्न चुकीच्या कंपायलरला विचारलेला असतो. होस्ट आणि टार्गेट एकाच क्रमाचे असतील तोवर हे कधीच दिसत नाही, आणि आजकाल दोघेही बहुधा लहान टोकाचेच असतात.

लिनक्समधले मॉडपोस्ट हे साधन या प्रकाराचा धडा म्हणून पाहण्याजोगे आहे. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या ड्रायव्हरमध्ये एक तक्ता ठेवतो: अमुक कंपनीचे अमुक उपकरण मला चालते. बांधणीच्या शेवटी मॉडपोस्ट मॉड्यूलच्या ऑब्जेक्ट फायलीतून हा तक्ता वाचतो आणि त्यातून उपकरणाचे टोपणनाव म्हणून अक्षरांची एक ओळ तयार करतो. कर्नल सुरू झाल्यावर पीसीआय बसवर उपकरण सापडले की त्याच्या क्रमांकांवरून तशीच ओळ बनते, दोन्ही जुळल्या की ड्रायव्हर आपोआप भरला जातो. इंटेलचा पीसीआय क्रमांक षोडशमानात ८०८६ आहे, म्हणजे चार बाइटांत ००००८०८६. मॉडपोस्टने टार्गेटचे बाइट होस्टच्या क्रमाने वाचले तर ओळीत ८६८००००० येते. कर्नल बांधला जातो, सुरूही होतो, मॉड्यूलची फाइल जागेवर असते, नाव घेऊन हाताने भरली तर ती चालतेही. आपोआप मात्र भरली जात नाही. असे लक्षण दिसले की बहुतेकांचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो, आणि ड्रायव्हर तर निर्दोष असतो.

मॉडपोस्टमधला उपाय ‘टू_नेटिव्ह’ नावाच्या मॅक्रोत आहे: फायलीचा क्रम होस्टपेक्षा वेगळा असेल तर बाइट उलटव, नसेल तर जशास तसे ठेव. तो तक्त्याच्या प्रत्येक संख्यात्मक रकान्याला न चुकता लावावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते. नव्या जातीच्या उपकरणासाठी कोणी नवा तक्ता जोडतो, एका रकान्याला मॅक्रो लावायचा राहतो, आणि त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे ठीक चालते. एसीपीआय या हार्डवेअर-मानकाच्या तक्त्यातल्या एका रकान्याबाबत लिनक्समध्ये अशी चूक काही वर्षे टिकली. एसीपीआय वापरणारी यंत्रे लहान टोकाची. म्हणजे ती चूक दिसायला कोणीतरी मोठ्या टोकाच्या होस्टवर बसून लहान टोकाचा कर्नल बांधायला हवा होता. तसे कोण करतो!

दुरुस्ती करताना रुंदीचे भान सुटले तर एका बगाच्या जागी दुसरा येतो. दोन बाइटांची संख्या दोन बाइटांत उलटवायची, चारची चारांत, आणि अक्षरांची ओळ उलटवायचीच नाही. पूर्ण तक्ता चार-चार बाइटांच्या तुकड्यांत सरसकट उलटवणे हा उतावळ्याचा उपाय. युनिक्स पीडीपी-११ वरून दुसऱ्या यंत्रांवर नेला जात होता त्या दिवसांतला याबाबतचा किस्सा संगणकवाल्यांत अजून सांगितला जातो: दोन-दोन बाइटांची अदलाबदल झाल्याने ‘युनिक्स’ या चार रोमन अक्षरांच्या नावाऐवजी पडद्यावर ‘नुक्सी’ आले. तेव्हापासून या जातीच्या बगांना नुक्सीचेच नाव पडले. रुंदीची आणखी एक खोच म्हणजे सी भाषेतला ‘लाँग’. तो कुठे चार बाइटांचा, कुठे आठ. होस्टचा लाँग टार्गेटच्या लाँगइतका असेलच असे नाही. तक्ते वाचणाऱ्या होस्ट-प्रोग्रॅममध्ये लाँग दिसला की तिथे थांबून बघावे.

तक्ते क्रमवार लावणाऱ्या मदतनीसाच्या चुकीचे लक्षण आणखी फसवे असते. वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावरून वाचताना कर्नलला चुकीचा पत्ता भेटू शकतो. अशा जागांसाठी कर्नल एक तक्ता बाळगतो, ‘या आज्ञेवर अडखळलास तर तिकडे जा’ असा. हा तक्ता बांधणीच्या वेळीच पत्त्यांच्या चढत्या क्रमाने लावून ठेवतात, म्हणजे चालत्या कर्नलला त्यात दुभागत-दुभागत झटपट शोधता येते. लावणाऱ्या प्रोग्रॅमने पत्ते उलट्या बाइटक्रमाने वाचून त्यांची तुलना केली तर तक्ता वेड्यावाकड्या क्रमाने लागतो, शोध फसतो, आणि ज्या प्रोग्रॅमला फक्त ‘पत्ता चुकीचा’ असा निरोप मिळायचा त्याच्यामुळे कर्नलच कोसळतो. तोही कधीतरीच, आठवड्यातून एखाद्या वेळी. लिनक्सचा हा प्रोग्रॅम आता फायलीच्या क्रमानुसार वाचण्या-लिहिण्याची फंक्शन्स निवडून घेतो आणि सगळे आकडे त्यांच्यामार्फतच हाताळतो.

कर्नल तयार झाल्यावर तो बूटलोडरच्या हाती जातो, आणि इथल्या काही ठेवणी टार्गेटचाही क्रम पाळत नाहीत. यू-बूट या बूटलोडरच्या जुन्या प्रतिमा-स्वरूपातले ६४ बाइटांचे मस्तक नेहमी बिग-एंडियन असते, प्रोसेसर कोणताही असो. त्याचा ओळखअंक षोडशमानात २७०५१९५६. बूटलोडरच्या तक्रारीत किंवा मेमरीच्या छापील नकलेत ५६१९०५२७ दिसले की निदान झाले. हार्डवेअरचे वर्णन करणारे डिव्हाइस-ट्री हे बायनरीही कायम मोठ्या टोकाचे, लहान टोकाच्या आर्मवरसुद्धा. त्याचा ओळखअंक षोडशमानात असा निवडला आहे की रोमन अक्षरांत तो ‘डूड फीड’ असा वाचता यावा. ६४-बिट आर्मच्या कर्नल-प्रतिमेचे मस्तक याच्या नेमके उलट, कायम लहान टोकाचे. आतला कर्नल मोठ्या टोकाचा असला तर ते सांगायला त्या मस्तकात एक बिट राखून ठेवला आहे. पण हे मस्तक भरतो लिंकर, आणि लिंकर तर टार्गेटच्या क्रमाने लिहिणार. म्हणून बिग-एंडियन बांधणीत मस्तकातले आकडे लिंकरच्या आज्ञापत्रातच मॅक्रोने आधी उलटवले जातात, म्हणजे लिंकरने लिहिल्यावर ते सुलटे पडतात. थोडे हसू येते खरे, पण दुसरा मार्ग नाही.

लिंकरच्या आज्ञापत्रात क्रमाची आणखी एक जागा दडलेली असते. घड्याळाच्या ठोक्यांची मोजणी लिनक्स ‘जिफीज_६४’ या आठ बाइटांच्या संख्येत ठेवतो, आणि ३२-बिट यंत्रांवर पटकन वाचण्यासाठी ‘जिफीज’ हे चार बाइटांचे नाव त्याच जागेवर बसवलेले असते. लहान टोकाच्या यंत्रावर खालचा अर्धा भाग पहिल्याच पत्त्यावर मिळतो. मोठ्या टोकाच्या यंत्रावर तो चार बाइट पुढे असतो. आर्मच्या आज्ञापत्रात यासाठी दोन पर्याय लिहिलेले आहेत आणि त्यातला एक प्रीप्रोसेसर निवडतो. आता समजा, स्वतःची बांधणी-यंत्रणा लिहिणाऱ्याकडून आज्ञापत्रावर प्रीप्रोसेसर फिरवताना बिग-एंडियनचा पर्याय द्यायचा राहिला. सी फायली बरोबर कंपाइल होतील, लिंकर कुरकुरणार नाही. पण ‘जिफीज’ वरच्या अर्ध्यावर बसेल. लिनक्स ही मोजणी मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतो की खालचे चार बाइट पाच मिनिटांत भरून शून्यावर यावेत. तोवर वरचा अर्धा शून्यच असतो. म्हणजे कर्नलच्या लेखी वेळ थांबलेली. सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मापताना कर्नल पुढच्या ठोक्याची वाट पाहतो, आणि तिथेच तो अडकून राहू शकतो. पडद्यावर ‘कॅलिब्रेटिंग डिले लूप’ एवढी अर्धी ओळ, पुढे काही नाही. अशा वेळी घड्याळाच्या चिपला आणि इंटरप्टच्या जोडणीला दोष देत दिवस घालवणे सोपे आहे.

चालत्या कर्नलमधले बग क्रॉस-बांधणीमुळे जन्मत नाहीत, पण त्यांची गाठ पडते ती बहुधा क्रॉस-बांधणीनंतरच. एक्स८६ वर लिहिलेला ड्रायव्हर पहिल्यांदा मोठ्या टोकाच्या यंत्रावर तेव्हाच चालतो. पीसीआय बसवरची रजिस्टरे लहान टोकाची, म्हणून लिनक्सचे ‘रीडएल’ हे फंक्शन वाचतानाच बाइट प्रोसेसरच्या क्रमात आणून देते. हे ठाऊक नसलेला ड्रायव्हर-लेखक ‘रीडएल’चा निकाल पुन्हा एकदा बदलतो. एक्स८६ वर दोन्ही बदल म्हणजे काहीच न करणे, त्यामुळे तिथे सगळे सुरळीत. बिग-एंडियनवर दुसरा बदल पहिल्यावर पाणी फिरवतो. याहून खट्याळ प्रकार म्हणजे लिहिताना एकदा आणि वाचताना एकदा झालेली चूक: दोन्ही एकमेकींना झाकतात, डिस्क त्या यंत्रावर उत्तम चालते आणि दुसऱ्या यंत्राला लावली की वाचता येत नाही.

डिस्कच्या बाबतीत फाइल-सिस्टिमने एकच क्रम ठरवून तोच पाळणे हा निकाल आता पक्का झाला आहे. एक्सटी२ लहान टोकाची, तर एक्सएफएस मोठ्या टोकाची, कारण ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवर जन्मली. एक्सटी२ सुरुवातीच्या काळात काही बिग-एंडियन यंत्रांवर त्या यंत्राच्याच क्रमाने लिहिली जात होती. ती निस्तरण्यासाठी डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमला सगळी फाइल-सिस्टिम उलटवून देणारा पर्याय जोडावा लागला. बीएसडी घराण्यातली यूएफएस मात्र यंत्राच्या क्रमानेच लिहिली जात राहिली. म्हणून नेटबीएसडीची क्रॉस-बांधणी करताना डिस्क-प्रतिमा बनवणाऱ्या ‘मेकएफएस’ या होस्ट-साधनाला टार्गेटचा क्रम स्पष्ट सांगता येतो. न सांगितल्यास प्रतिमा होस्टच्या क्रमाची होण्याचा धोका असतो.

नेटवर्कवर बिग-एंडियन हाच ठरलेला क्रम आहे आणि त्यासाठीची रूपांतर-फंक्शन्स इतकी रुळली आहेत की तिथे बग कमी होतात. अपवाद बिटफील्डचा. आयपी पाकिटाच्या पहिल्या बाइटमध्ये आवृत्ती आणि मस्तकाची लांबी, असे चार-चार बिटांचे दोन आकडे असतात. हा बाइट साधारणपणे षोडशमानात ४५. सी भाषेत हे दोन तुकडे बाइटच्या कोणत्या टोकापासून बसवायचे हे भाषा ठरवून देत नाही, कंपायलरकडे सोपवते. लिनक्समध्ये म्हणून दोन्ही क्रमांसाठी रकान्यांची मांडणी वेगवेगळी लिहिलेली आहे. त्यातली चुकीची निवडली गेली की आवृत्ती ५ आणि लांबी ४ वाचली जाते, आणि यंत्र आलेले प्रत्येक पाकीट फेकून देते.

बग शोधताना आकडा स्वतःच बरेच बोलतो. १ च्या जागी १,६७,७७,२१६ दिसले तर चार बाइट उलटे झाले, पोर्ट ८० च्या जागी २०,४८० आले तर दोन बाइट, १२७.०.०.१ चा १.०.०.१२७ झाला तर निदान शाळकरी पोरही करील. पण लहान संख्येच्या जागी नुसते शून्य आले, किंवा ५ च्या जागी २१,४७,४८,३६,४८० असा अवाढव्य आकडा आला, तर बाइट उलटे झालेले नाहीत, रुंदी चुकली आहे: आठ बाइटांची जागा चार बाइटांच्या पॉइंटरने वाचली, किंवा चारची आठाने. लहान टोकाच्या यंत्रावर मोठ्या जागेच्या पहिल्याच पत्त्यावर लहान भाग असतो म्हणून पहिल्या प्रकारची चूक तिथे खपून जाते. मोठ्या टोकावर ती उघडी पडते. हा फरक न ओळखता रूपांतराचे मॅक्रो शिंपडत सुटणे हा या क्षेत्रातला सर्वांत खर्चिक प्रमाद आहे. चाचणीसाठी १२३४५६७८ सारखी दोन्ही बाजूंनी वेगळी वाचली जाणारी संख्याच घ्यावी. शून्य, किंवा सगळे बिट चढवलेली संख्या कोणत्याही क्रमाने सारखीच दिसते.

चूक चालण्याआधीच पकडण्याचे लिनक्समधले साधन म्हणजे स्पार्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००३ मध्ये सुरू केले. कर्नलमध्ये ‘एलई३२’ आणि ‘बीई३२’ असे वेगळे प्रकार आहेत. कंपायलरला ते साधे चार बाइटांचे पूर्णांकच वाटतात, पण स्पार्स त्यांना एकमेकांत किंवा साध्या पूर्णांकात मिसळू देत नाही. मध्ये ‘सीपीयू_टू_एलई३२’ सारखे रूपांतर नसेल तर ते इशारा देते. याचा फायदा असा की मोठ्या टोकाचे यंत्र हाताशी नसताना, एक्स८६ वर बसूनच चूक दिसते. इशारा गप्प करण्यासाठी सक्तीचे प्रकार-रूपांतर लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे केलेली प्रत्येक ओळ पुढच्या बगाची जागा असते.

होस्टच्या मदतनीसांसाठी यापेक्षा निर्णायक चाचणी उपलब्ध आहे. एकाच टार्गेटचा कर्नल, त्याच कंपायलर-आवृत्तीने, एकदा लहान टोकाच्या आणि एकदा मोठ्या टोकाच्या होस्टवर बांधायचा आणि दोन्ही फायली बाइट न् बाइट ताडून पाहायच्या. बांधणीची तारीख, यंत्राचे नाव वगैरे पक्के करून ठेवले तर फरक उरायला नको. उरला तर तो ज्या विभागात आहे त्यावरून कोणत्या साधनाने होस्टचा क्रम आत आणला ते कळते. मोठ्या टोकाचे यंत्र नसले तर क्यूईएमयू हे अनुकरण-साधन पुरते. ते मिप्स, पॉवर आणि आयबीएमच्या मेनफ्रेमचीही नक्कल करते. संथ चालते, पण खोटे बोलत नाही.

उपाय म्हणून जे लिहायचे त्याची दिशा रॉब पाइक यांनी २०१२ मधल्या एका लेखात ठामपणे मांडली: ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतो त्याचा क्रम विचारण्याची गरज जवळजवळ कधीच नसते, विचारायचा तो माहितीचा क्रम. बाइट एकेक करून वाचायचे. माहिती लहान टोकाची असेल तर पहिला बाइट जसाच्या तसा, दुसरा ८ बिट डावीकडे सरकवून, तिसरा १६, चौथा २४, आणि सगळ्यांची जुळणी. मोठ्या टोकाची असेल तर हेच आकडे उलट्या क्रमाने. हा कोड कोणत्याही होस्टवर तेच उत्तर देतो, त्यात ‘क्रम अमुक असेल तर’ ही अटच नसते, आणि चांगले कंपायलर त्याची एकाच आज्ञेत बचत करतात. चार बाइटांची संख्या चारने न भागल्या जाणाऱ्या पत्त्यावर असली की काही प्रोसेसर अडतात, ती अडचणही यात आपोआप टळते. होस्टच्या साधनांना हाच मार्ग लागू. कर्नलच्या आत, जिथे वेगाला महत्त्व आहे, तिथे रूपांतर एकदाच आणि सीमेवरच करायचे: डिस्कवरून किंवा तारेवरून येताना आत घेतले की पुढे सगळीकडे प्रोसेसरच्या क्रमातली संख्या फिरवायची. डिस्कवरच्या रकान्याची एखाद्या स्थिर आकड्याशी नुसती तुलना करायची असेल तर रकान्याऐवजी तो आकडाच रूपांतरित करणे चांगले. ते काम कंपाइल होतानाच उरकते.

हे सगळे नियम ज्याच्यापुढे लुळे पडतात असा एक नमुना आर्ममध्ये आहे. आर्मच्या सहाव्या आवृत्तीपासून बिग-एंडियनची ‘बीई८’ नावाची तऱ्हा आली: विदा मोठ्या टोकाची, पण आज्ञा लहान टोकाच्या. कंपायलरने दिलेल्या ऑब्जेक्ट फायलींत मात्र आज्ञाही मोठ्या टोकानेच असतात. शेवटच्या जोडणीत लिंकरला ‘बीई८’चा पर्याय दिला की तो फक्त आज्ञा उलटवतो, विदेला हात लावत नाही. आज्ञा कुठे संपतात आणि विदा कुठे सुरू होते हे त्याला फायलीतल्या खुणांवरून कळते. परिणामी जोडणीआधीची फाइल वाचणारे साधन आणि जोडणीनंतरची वाचणारे साधन यांना त्याच आज्ञा वेगवेगळ्या क्रमाने दिसतात. चालत्या कर्नलमध्ये स्वतःच्याच आज्ञा बदलणारे भाग असतात, उदाहरणार्थ कोड चालताना त्याचा माग काढणारे केप्रोब्ज आणि एफट्रेस. त्यांनी आज्ञा साध्या पूर्णांकासारखी मेमरीत लिहिली तर ती विदेच्या क्रमाने पडते आणि प्रोसेसरला अगम्य होते. लिनक्सच्या आर्म विभागात यासाठी आज्ञा मेमरीत उतरवण्याची आणि उचलण्याची वेगळी फंक्शन्स आहेत, आणि नवा कोड लिहिताना तीच वापरावी लागतात. ६४-बिट आर्मवर हा गुंता थोडा सैल झाला: आज्ञा नेहमी लहान टोकाच्याच, ऑब्जेक्ट फायलींतसुद्धा.

मोठ्या टोकाची यंत्रे आता विरळ झाली आहेत. पॉवरवरचे लिनक्स बहुतांशी लहान टोकाकडे वळले. डेबियनच्या अधिकृत यादीतून बिग-एंडियन पॉवरपीसी आणि मग बिग-एंडियन मिप्स गळाले. उरले ते आयबीएमच्या मेनफ्रेमचे एस३९०एक्स, सिस्टिम/३६० चे थेट वारस. त्यामुळे आज एखाद्या ड्रायव्हरमधली किंवा बांधणीतली क्रमाची चूक पकडली जाते ती बहुधा कोणाच्या टेबलावरच्या यंत्रात नाही, तर त्या मेनफ्रेमसाठी आपोआप चालणाऱ्या बांधणी-चाचणीत.